टायर डांबरात मुरतं तेव्हा

सकाळचे साडेसात. हॉटमिक्स प्लांटवर रबरी डांबराचा टँकर आदल्या रात्रीच येऊन उभा होता. वरच्या झाकणातून नमुना काढून डब्यात ओतला. साध्या डांबरासारखाच काळा, चकचकीत, धार अखंड. मग तळाच्या नळातून काढला. ही धार अडखळत, गुठळ्या टाकत पडली आणि डब्याच्या कडेला बारीक रव्यासारखे दाणे चिकटून राहिले. टँकर एक, चलन एक, माल मात्र दोन प्रकारचा. रात्री ढवळणी बंद करून माणसं झोपायला गेली होती.

‘जुन्या टायरपासून रस्ते’ ही बातमी एव्हाना सगळ्यांनी वाचलेली आहे. सोबतच्या फोटोत एका बाजूला टायरचा ढीग असतो, दुसऱ्या बाजूला गुळगुळीत रस्ता. ढिगाचा रस्ता कसा होतो ते फोटोत नसतं. त्या टँकरमध्ये रात्रभरात काय झालं हे समजलं की बाकीचं बरंचसं आपोआप उलगडतं.

आधी डांबराबद्दल. कच्च्या तेलातून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतलं की तळाशी जो जड, काळा गाळ उरतो तो म्हणजे बिटुमेन. कोळशापासून निघणारं टार ही वेगळी वस्तू, पण साइटवर दोन्हीला डांबरच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार आहे. रस्त्याच्या वरच्या थरात हे डांबर वजनाने जेमतेम ५ ते ६ टक्के असतं. बाकी सगळी खडी, कच आणि भुकटी. ट्रकचं ओझं पेलतात ते दगड. डांबराचं काम त्यांना एकमेकांना धरून ठेवण्याचं, चिक्कीत गूळ करतो तसं. आणि चिक्की करणाऱ्याला जी अडचण ठाऊक असते तीच इथेही आहे: पाक कच्चा राहिला तर चिक्की लवते, जास्त आटला तर दाताखाली काचेसारखी फुटते.

रस्त्याला या दोन्ही गोष्टी एकाच वर्षात सोसाव्या लागतात. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे हवेचं तापमान ४५ अंशांच्या पुढे जातं तेव्हा काळ्या रस्त्याचा पृष्ठभाग ६० अंश ओलांडतो. आता आपल्याकडे सर्रास वापरलं जाणारं व्हीजी-३० डांबर घ्या (व्हीजी म्हणजे व्हिस्कॉसिटी ग्रेड, दाटपणाची प्रत). त्याचा मृदुबिंदू, म्हणजे ते मऊ पडू लागण्याचं तापमान, किमान ४७ अंश असावा एवढीच अट असते. हा बिंदू मोजायची पद्धत गमतीची आहे. पितळी कडीत डांबर भरायचं, त्यावर साडेतीन ग्रॅमची पोलादी गोळी ठेवायची, सगळं पाण्यात बुडवून पाणी मिनिटाला ५ अंश या गतीने तापवायचं. डांबर लोंबायला लागतं आणि गोळी त्याला घेऊन २५ मिलिमीटर खालच्या पट्टीवर टेकते. टेकली त्या क्षणीचं तापमान म्हणजे मृदुबिंदू. म्हणजे विदर्भातला रस्ता उन्हाळ्याच्या दुपारी या बिंदूच्या बराच वर असतो. तरी तो वाहून जात नाही, कारण दगड एकमेकांत अडकलेले असतात. पण जड ट्रकांची चाकं रोज त्याच दोन पट्ट्यांवरून गेली की तिथला माल दबतो, बाजूला सरकतो आणि लांबच लांब खोलगट पन्हळी पडतात. याला आपल्याकडे फार जुना शब्द आहे: चाकोरी. बैलगाडीच्या काळातला शब्द, आणि इंजिनियर मंडळी तो सोडून ‘रटिंग’ म्हणत बसतात.

दुसरं टोक थंडीचं आणि म्हातारपणाचं. ऊन आणि हवा लागून डांबर वर्षागणिक कडक होत जातं. डिसेंबरच्या पहाटे ते आकसतं, त्यात वरून भार येतो, आणि तळापासून बारीक भेगा निघतात. त्या एकमेकींना मिळाल्या की रस्ता मगरीच्या पाठीसारखा दिसू लागतो. मग पहिला पाऊस, भेगेत पाणी, आणि खड्डा.

भाराचं गणितही साधं नाही. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून एक मोठी चाचणी झाली. तिच्यातून निघालेला आडाखा असा की आसावरचं वजन दुप्पट केलं तर रस्त्याची झीज दुप्पट न होता साधारण सोळा पट होते, म्हणजे झीज वजनाच्या चौथ्या घाताने वाढते. २०१८ साली आपल्याकडे मालट्रकांच्या एकेरी आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली. ऐकायला जेमतेम सव्वा टनाची वाढ. चौथा घात करून बघा, झीज सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. आणि हे कायद्यातलं वजन झालं. खाणीतून निघालेला डंपर कायदा वाचून भरत नाहीत.

तर मग जास्त कडक डांबर का नको? वापरतातही. व्हीजी-४० घेतलं की चाकोरी कमी पडते, पण भेगांची भीती वाढते. मऊ घेतलं की उलट. साधं डांबर कुठलंही घ्या, एका टोकाला घट्ट केलं की दुसरीकडून उघडं पडतं. उन्हात ताठ आणि थंडीत लवचीक असं काहीतरी आत हवं, आणि रबर नेमकं तसं असतं.

साबुदाणा आणि टायर

टायर वितळत नाही. प्लॅस्टिकची बादली वितळवून दुसरी बादली करता येते, टायरचं तसं होत नाही. १८३९ साली चार्ल्स गुडइयरला सापडलेली गोष्ट याला कारण आहे. कच्चं रबर उन्हात चिकचिकीत आणि थंडीत ठिसूळ व्हायचं. त्यात गंधक घालून तापवल्यावर रबराच्या लांब साखळ्यांमध्ये गंधकाचे पूल तयार झाले आणि सगळं एकमेकांना बांधलं गेलं. त्या पुलांमुळे टायर हजारो किलोमीटर टिकतो, आणि त्याच पुलांमुळे झिजल्यावर त्याचं काय करायचं हा प्रश्न पडतो. उघड्यावर ठेवला तर पाणी साचून डास, पेटला तर विझता विझत नाही. अमेरिकेत व्हर्जिनियामध्ये १९८३ साली टायरच्या एका ढिगाला लागलेली आग नऊ महिने धुमसत होती.

वितळत नाही म्हणून दळायचा. टायरचे तुकडे करतात, चुंबकाने तार काढतात, धागा उडवून लावतात आणि उरलेलं रबर चक्क्यांत भरडून अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा चुरा करतात. ट्रकचा टायर यासाठी चांगला, कारण त्यात नैसर्गिक रबर जास्त. दुसरी रीत म्हणजे द्रव नायट्रोजनने गोठवून फोडणं. त्यात दाणा गुळगुळीत निघतो, काचेच्या कणासारखा. साध्या तापमानाला भरडलेला दाणा खडबडीत, केसाळ असतो आणि डांबराला धरायला तोच बरा पडतो.

आता हा चुरा १७५ ते १९० अंशांच्या डांबरात टाकून पाऊण-एक तास घोटायचा. इथे खरी गंमत होते, आणि ती कळायला एकादशीच्या आदल्या रात्रीची आठवण पुरेशी आहे. साबुदाणा भिजवला की दाणा पाणी पिऊन फुगतो, पण विरघळत नाही. सकाळी भांड्यात मोकळं पाणी उरलेलं नसतं. रबराचा दाणा तसाच डांबरातली हलकी तेलं पितो आणि आकाराने दुप्पट-तिप्पट होतो. एकाच वेळी दोन कामं होतात: फुगलेले लवचीक दाणे डांबरात दाटीने बसतात, आणि तेल गमावलेलं उरलेलं डांबर स्वतःही दाट होतं. ऊन चढलं की ही दाटी त्याला वाहू देत नाही. थंडीत ताण आला की दाणे ताणले जातात, आणि भेग पुढे सरकताना वाटेत दाणा लागला की तिथे अडखळते.

साबुदाण्याचं पाणी चुकलं की खिचडीचा गोळा होतो हेही तुम्हाला माहीत आहे. इथेही तसंच. तापमान कमी राहिलं तर दाणे फुगतच नाहीत, डांबरात वाळू टाकल्यासारखे कोरडे पडून राहतात. फार तापवलं किंवा फार वेळ ठेवलं तर गंधकाचे पूल तुटू लागतात, रबराच्या साखळ्याही तुटतात आणि घट्ट झालेला माल पुन्हा पातळ होतो, पेज झाल्यासारखा. आणि सगळं नीट जमलं तरी दाणा डांबरापेक्षा जड आहे. ढवळणं थांबलं की तो तळाशी बसणार. त्या टँकरमध्ये नेमकं हेच झालं होतं.

आपल्या साइटवरच्या या मालाला सीआरएमबी, म्हणजे क्रम्ब रबर मॉडिफाइड बिटुमेन, म्हणतात. त्याचे ५०, ५५ आणि ६० असे प्रकार वर्षानुवर्षं चालत आले आहेत. हे आकडे म्हणजे त्याच पोलादी गोळीच्या परीक्षेतले अंश. सीआरएमबी-६० म्हणजे मृदुबिंदू किमान ६० अंश. व्हीजी-३०च्या ४७ अंशांशी ताडून पाहा, म्हणजे विदर्भातल्या दुपारी कुठलं डांबर हवं ते वेगळं सांगायला नको.

फिनिक्सचा माणूस

हे तंत्र रुजलं ते अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, फिनिक्स शहरात. वाळवंटी गाव, उन्हाळा आपल्या विदर्भाला लाजवणारा. १९६०च्या दशकात तिथल्या नगरपालिकेचे साहित्य-अभियंता चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी गरम डांबरात टायरचा चुरा घोटून खड्डे बुजवायला सुरुवात केली. सांगतात की आधी त्यांनी आपल्या फिरत्या घराच्या गळक्या छपरावर साधं डांबर थापून पाहिलं होतं, आणि ते दर वेळी तडकायचं. खड्ड्यांची ठिगळं टिकली, मग भेगाळलेल्या रस्त्यांवर पातळ थर, मग पूर्ण रस्ते. तिथल्या व्याख्येत रबराचं प्रमाण मिश्रणाच्या किमान १५ टक्के असावं लागतं. आपल्याकडे ते साधारण १० ते १२ टक्के धरतात, दाणाही बारीक असतो, आणि माल बरेचदा कारखान्यातून तयार होऊन टँकरने येतो. ॲरिझोनात तो प्लांटवरच घोटून काही तासांत वापरतात. माझ्या मते हाच फरक सगळ्यात मोठा आहे. ताजी खिचडी आणि डब्यातून दोनशे किलोमीटर आलेली खिचडी यांत जेवढा असतो तेवढा.

२००३ नंतर फिनिक्समध्ये काँक्रीटच्या द्रुतगती रस्त्यांवर या रबरी डांबराचा पातळ थर दिला गेला, तो मुख्यतः आवाजासाठी. टायर घासल्याचा घोंघाट त्याने कमी होतो. मुंबईत सध्या सगळीकडे काँक्रीट होत असताना हे वाचून कोणाच्या मनात काही आलं तर मी जबाबदार नाही.

तिथे सगळं गोडच झालं असंही नाही. १९९१ साली अमेरिकी संसदेने कायदाच केला की केंद्राच्या पैशातून होणाऱ्या डांबरी रस्त्यांत ठरावीक टक्के टायर वापरलाच पाहिजे. ज्या राज्यांकडे यंत्रं नव्हती, घोटण्याचा अनुभव नव्हता, तिथे ओरड झाली आणि १९९५ साली ती सक्ती मागे घ्यावी लागली.

चुरा वापरायची आणखी एक रीत स्वीडनमध्ये १९६०च्या दशकात निघाली. तिच्यात चुरा डांबरात न घोटता थेट खडीत मिसळतात, दगडाच्या बारीक तुकड्याच्या जागी. यंत्रं कमी लागतात, रबर जास्त खपतं. पण दाणा रस्ता झाल्यावरही डांबरातलं तेल पीतच राहतो, आणि रोलर फिरून गेला की माल स्पंजासारखा किंचित वर येतो. ही रीत नेमकी साधणं अवघड.

आपल्याकडे आणखी एक घोळ नेहमी होतो. मदुराईचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन, ज्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली, त्यांचा प्लॅस्टिकचा रस्ता हे वेगळं प्रकरण आहे. तिथे पिशव्यांचा कीस गरम खडीवर टाकतात, तो वितळून दगडावर पापुद्रा धरतो आणि मग डांबर घालतात. प्लॅस्टिक वितळतं, टायर वितळत नाही, म्हणून दोघांचे रस्ते वेगळे.

आता राळ

खड्ड्यांवरून दर पावसाळ्यात सभागृहात राळ उडते ती निराळी. इथली राळ म्हणजे रेझिन. आणि मजा अशी की ती डांबरात मुळातच असते. डांबराचे ढोबळ चार घटक धरतात: दोन प्रकारची तेलं, राळ आणि ॲस्फाल्टिन नावाचे जड कण. राळ त्या जड कणांना तेलात तरंगतं ठेवते. ऊन-वाऱ्याने डांबर म्हातारं होतं तेव्हा तेलाची राळ आणि राळेचे जड कण होत जातात, आणि माल ठिसूळ होतो.

बाहेरून घालायच्या राळा तऱ्हेतऱ्हेच्या. पेट्रोलियमपासून बनणाऱ्या राळा चिकटपणा वाढवतात. लाल किंवा हिरव्या रंगाचे सायकल-मार्ग पाहिले असतील, त्यात काळं डांबर चालत नाही, म्हणून अशा राळेत तेल आणि पॉलिमर मिसळून जवळजवळ पारदर्शक बंधक बनवतात आणि त्यात रंग घालतात. काही द्रव्यं डांबराच्या जड कणांशी रासायनिक गाठ मारतात. रबराच्या बाबतीत हीच गाठ मोलाची. फुगलेला दाणा आणि डांबर यांच्यात पूल पडला तर दाणा सहज सुटत नाही आणि खाली बसण्याची ओढही कमी होते. ट्रान्स-पॉलिऑक्टेनामर नावाचं एक द्रव्य यासाठी वापरतात. खरं तर ती राळ नव्हेच, रबराचीच चुलत बहीण आहे, पण दुकानात सगळं एकाच फळीवर असतं.

सगळ्यात कडक भाऊ म्हणजे इपॉक्सी. घरात दोन नळ्यांतला गोंद एकत्र करून तुटलेला कप जोडतो ना, तेच रसायन. एकीत राळ, दुसरीत कडक करणारं द्रव्य. डांबरात ते घातलं की मालाचा स्वभावच बदलतो. अंडं एकदा उकडलं की पुन्हा पातळ होत नाही, तसा हा रस्ता उन्हाने मऊ पडत नाही. सॅन फ्रान्सिस्को उपसागरावरच्या सॅन मटेओ-हेवर्ड पुलाच्या पोलादी भागावर १९६७ साली असा थर घातला गेला. पोलादी पूल उन्हात प्रसरण पावतो, गाड्यांखाली लवतो, त्याच्यावर साधं डांबर टिकत नाही, म्हणून तिथे हा खर्च परवडतो. पण मिसळल्यावर घड्याळ सुरू होतं. डंपर ट्रॅफिकमध्ये अडकला तर माल डंपरमध्येच जमणार. जिल्हा मार्गावर हे कोणी करू नये.

जे रबराच्या हातात नाही

एक किलोमीटर लांब, सात मीटर रुंद रस्त्यावर ४० मिलिमीटरचा थर द्यायचा तर सुमारे ६७० टन माल लागतो. त्यात साडेपाच टक्के डांबर म्हणजे ३७ टन. त्याचा ११ टक्के चुरा, म्हणजे चार टन. ट्रकच्या एका टायरमधून ३०-३५ किलो चुरा धरला तर किलोमीटरमागे सव्वाशेच्या आसपास टायर. वाईट नाही. पण ६७० टनांत चार टन. बाकी ६६६ टनांत चूक झाली तर हे चार टन काय करणार?

आणि चुका नेहमीच्याच असतात. साइडपट्टी रस्त्यापेक्षा उंच, गटार तुंबलेलं, पाणी रस्त्यातच मुरतंय. दगडाला डांबरापेक्षा पाण्याची ओढ असते. पाणी दगड आणि डांबराच्या मध्ये शिरलं की डांबर सोलून निघतं, मग त्यात टायर असो की नसो. आपला सह्याद्रीचा काळा बसाल्ट यात बरा आहे, ग्रॅनाइटपेक्षा डांबराला घट्ट धरतो. तरी पाण्यापुढे त्याचंही फार चालत नाही. पुणेकर ज्या जंगली महाराज रस्त्याचं कौतुक अजून सांगतात तो रेकॉन्डो या कंपनीने १९७०च्या दशकात केला. त्याच्या टिकण्याचं श्रेय देतात ते पाण्याच्या निचऱ्याला आणि नीट घातलेल्या थरांना.

दुसरी चूक गरम-थंडाची. रबरी माल दाट असतो, म्हणून तो साध्या मालापेक्षा जास्त तापमानाला बनवावा आणि गरम असतानाच दाबावा लागतो. प्लांट लांब असला, पेव्हर (माल पसरणारं यंत्र) बंद पडला, तर माल रोलरखाली दबतच नाही, आत पोकळ्या राहतात आणि त्या पोकळ्यांतून पुन्हा पाणी. साध्या डांबरात जी चूक खपून गेली असती ती इथे खपत नाही. जास्त तापवण्याने धूर आणि जळक्या रबराचा वासही वाढतो. रेक घेऊन मालासमोर दिवसभर उभ्या असणाऱ्या बायका-माणसांच्या नाकातोंडात तो जातो, आणि निविदेत त्याच्यासाठी एक ओळ नसते.

टायरमध्ये ६पीपीडी नावाचं द्रव्य असतं, हवेतल्या ओझोनपासून रबर तडकू नये म्हणून घातलेलं. ओझोनशी संयोग होऊन त्याचं जे बनतं ते पावसाच्या पाण्यातून ओढ्यात गेलं तर कोहो सामन मासे मरतात, हे २०२० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी दाखवलं. तिथे दोष मुख्यतः गाड्यांच्या झिजणाऱ्या टायरचा होता. पण टायर रस्त्यातच घालणाऱ्यांना हा प्रश्न आता विचारला जातो, आणि विचारायलाच हवा.

कात्री

त्या टँकरचं पुढे काय झालं ते राहिलं. रबरी डांबराची एक परीक्षा मला फार आवडते. आठच्या आकड्यासारख्या साच्यात डांबर ओतून थिजवायचं, १५ अंशांच्या पाण्यात ठेवून दोन्ही टोकांनी सावकाश ओढायचं. दहा सेंटीमीटर ताणलं की मधोमध कात्रीने कापायचं. मग तासभर हात लावायचा नाही. ज्यात रबर खरोखर मुरलंय त्याची टोकं हळूहळू मागे सरकतात आणि ताणलेल्या लांबीतली निदान निम्मी परत मिळवतात.

वरच्या झाकणातला नमुना कापला तिथेच पडून राहिला. तासाभरात दोन सेंटीमीटरही मागे गेला नाही. तळाचा तर सात सेंटीमीटरलाच तुटला, कात्रीची वेळच आली नाही. कंत्राटदाराचे फोन सुरू होते, पेव्हर भाड्याचा होता, पंधरा माणसं बसून होती. टँकर तापवून दिवसभर माल फिरवला. ड्रायव्हर संध्याकाळच्या परीक्षेला येऊन उभा राहिला. कात्री चालली तेव्हा म्हणाला, “साहेब, एवढ्यासाठी अख्खा दिवस घालवला?” चहा झाला, तास भरला. साडेपाच सेंटीमीटर.

त्या रात्री ढवळणी चालूच ठेवली. जनरेटरच्या आवाजात प्लांटवर कोणालाच झोप लागली नाही.